तिसरी खूण

क्रांती बोलते तेव्हा तिचे हात गप्प बसत नाहीत. आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. फोनवर कुणाला "दोन मिनिटं थांबा" म्हणताना तिची दोन बोटं वर होतात. "बंद करून परत चालू करा" म्हणताना मूठ मिटते आणि उघडते. पलीकडच्याला यातलं काहीच दिसत नाही, हे तिला ठाऊक असतं. हाताला ठाऊक नसतं. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग एकदा इचलकरंजीजवळ कबनूरला तिच्या घरी गेलो आणि हसणं आपोआप थांबलं.

तिच्या घराची एक भिंत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. चोवीस माग. जमिनीवर कप ठेवला तर चहावर बारीक गोल लाटा उठतात. तिचे वडील गुंडूअप्पा त्याच कारखान्यात एकतीस वर्षं माग चालवतात. आई पूर्वी तिथंच कांड्यांवर सूत भरायची. तिला घरात आणि गल्लीतही सगळे आक्काच म्हणतात. आत माग सुरू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की सूत तुटलंय. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आले. तळहातावर अंगठा घासला की तंबाखू आहे का. बिहारकडून, ओडिशाकडून आलेला कामगार मराठी शिकायच्या आधी ही भाषा शिकतो.

अप्पांचे कान त्या आवाजानं हळूहळू खाल्ले. आता ते मोठ्यानं बोललेलंही अर्धंच ऐकतात. त्यामुळं कारखान्यातले हात घरातही आले. "ही बोलाय लागायच्या आधी पाणी मागायची ती हातानं," आक्का सांगते. "मला वाटलं, पोरगी मुकी निघाली की काय!"

ती जन्मली त्या महिन्यात कामगारांचा संप चालू होता, म्हणून अप्पांनी नाव क्रांती ठेवलं. संप तीन आठवड्यांत मोडला. नाव राहिलं.

तिनं इचलकरंजीत कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि कोल्हापूरला आमच्या दवाखान्यात नोकरीला लागली. तिसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. तपासणी विभागातल्या एका कॉम्प्युटरचा पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला होता. सगळ्यांच्या सोयीसाठी. कुणीतरी तिथं बसून एका मुलीचा रिपोर्ट बघितला आणि तो तिच्या होणाऱ्या सासरी पोचवला. ठरलेलं लग्न मोडलं. ती मुलगी आईबरोबर चौकशीला आली तेव्हा काउंटरवर क्रांती होती. मुलगी भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, माझा कागद तुमच्याकडं होता ना?"

क्रांतीनं त्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या पडद्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. एकोणीस निघाल्या. पुढच्या महिन्यात तिनं एका मुक्त विद्यापीठात माहिती सुरक्षेच्या एम.एस्सी.ला नाव घातलं. नोकरी सोडता येणार नव्हती, म्हणून दूरशिक्षण.

कबनूर ते कोल्हापूर ही एसटी हाच तिचा वर्ग. बसायला जागा मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर कानात व्याख्यान. आक्काला हे प्रकरण फारसं पटलेलं नव्हतं.

"हिच्या वयाच्या पोरींची पोरं शाळंत चालली. आणि ही स्वतःच शाळंत चालली!"

"शाळंत कुठं आक्का? घरातच की शिकतो मी."

"तेच म्हंतो मी. मास्तर न्हाय, वर्ग न्हाय, डबा न्हाय. कसली शाळा ही?"

अप्पा मात्र कारखान्यात सगळ्यांना सांगायचे की आमची पोरगी कॉम्प्युटरला कुलपं घालायला शिकतीया. कुणी विचारलं, कसली कुलपं, तर हवेत किल्ली फिरवून दाखवायचे आणि पुढं काही सांगता येईना की हसायचे. दुपारच्या सुट्टीआधी त्यांची एक फेरी ठरलेली असायची. कारखान्याच्या मागच्या बोळातून क्रांतीच्या खोलीच्या खिडकीशी यायचं आणि ती सुट्टीवर घरी असली तर हातानं विचारायचं, जेवलीस काय? ती शाळेत असल्यापासूनची सवय.

दोन वर्षांत तीन सत्रं पार पडली. चौथ्या सत्राचा शेवटचा पेपर होता डिजिटल पुराव्यांचा.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. खोलीत एकटं बसायचं, दार बंद, कुणाशी बोलायचं नाही. मागांच्या आवाजाचं तिनं आधीच विद्यापीठाला कळवून परवानगी काढली होती. सकाळी लॅपटॉप फिरवून खोलीच्या चारी भिंती दाखवल्या. खिडकीचा पडदा ओढला, तर कॉम्प्युटर म्हणाला, चेहऱ्यावर उजेड कमी आहे. म्हणून पडदा परत सारला. पेपर चांगला गेला. संध्याकाळी आक्कानं शेवया केल्या.

पाच आठवड्यांनी निकाल लागला. तिच्या नावापुढं लिहिलं होतं, राखून ठेवला. सोबत पत्र आणि चाळीस सेकंदांचं चित्रण.

ते तिनं माझ्या शेजारी बसूनच उघडलं. चित्रणात क्रांती पेपर लिहितेय. मग तिची नजर डावीकडं, खिडकीकडं जाते. उजवा हात वर उठतो आणि एकामागोमाग तीन खुणा करतो. अकरा सेकंदांत सगळं आटोपतं. हात परत कीबोर्डवर येतो.

"मी हे केलंय?" ती म्हणाली. "मला आठवतच नाही. अप्पा आलेले आठवत नाहीत. काहीच आठवत नाही."

पत्रात म्हटलं होतं की परीक्षार्थीनं बाहेरच्या व्यक्तीशी सांकेतिक खुणांनी संपर्क साधून मदत घेतल्याचा संशय आहे. आरोप खरा ठरला तर सत्राचे सगळे पेपर रद्द आणि दोन वर्षं परीक्षेला बंदी.

कोल्हापुरातल्या अभ्यासकेंद्राचे समन्वयक धैर्यशील सर. आवाज मोठा, मन मऊ. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि टेबलावर एक छापील अर्ज ठेवला.

"हे बघा, मी असली चार प्रकरणं बघितल्यात. चौकशीच्या नादाला लागू नका. माफीचा अर्ज द्यायचा. एवढा एक पेपर रद्द होतोय, डिसेंबरला परत द्यायचा. बाकीचे वाचले. विषय संपला."

क्रांतीनं अर्ज वाचला. "सर, यात लिहिलंय, मी वडिलांकडून उत्तरासाठी मदत घेतली."

"छापील मजकूर हाय तो. कोण वाचतंय?"

"मी वाचला की."

अर्ज तिनं घडी घालून पिशवीत ठेवला, सही न करता. घरी गेल्यावर अप्पांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं, पेन उघडून तिच्यापुढं धरलं.

"सही कर जा. माझ्या नावानं काय बिघडतंय? मी काय परीक्षा देणार हाय?"

"तुम्ही मदत केली न्हाय, अप्पा. न केलेलं कसं लिहू?"

"मी खिडकीशी आलो न्हवं? मग झालं तर."

ती सही करणार नाही हे दिसल्यावर अप्पा उठून गेले. आणि त्या दिवसापासून त्यांचे हात बंद झाले. घरात आले की खिशात घालायचे, जेवायला बसले की डावा हात मांडीखाली. ज्याला ऐकू येत नाही आणि जो हातानं बोलत नाही तो माणूस घरात असून नसल्यासारखाच. खिडकीशी येणं थांबलं. मागच्या बोळातून न जाता ते रस्त्यानं वळसा घालून कारखान्यात जाऊ लागले.

"मी आता काय भिंतीसंगं बोलू?" आक्का ओरडायची. "अवो, कालवणात मीठ झालंय का तेवढं तरी सांगा!" अप्पा मान हलवायचे. ती हो की नाही, तेही कळायचं नाही.

क्रांती मला म्हणाली, "दोन वर्षं गेली तरी चालतील मला. पण चौकशीत हरले तर त्यांचे हात कायमचे गेले."

चौकशी ऑनलाईन होती, ती क्रांतीनं दवाखान्यात आमच्याच विभागात बसून दिली. पडद्यावर विद्यापीठाचे तिघं जण. दोघं फारसं बोलत नव्हते. प्रश्न विचारत होत्या त्या एक मॅडम. पिकलेले केस, शांत आवाज. क्रांतीनं कारखान्याची भाषा समजावून सांगितली. बोलताना तिनं हात मुद्दाम टेबलाखाली ठेवले होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर माझा वैयक्तिक अविश्वास नाही. पण या खुणांचा अर्थ तुम्हीच सांगणार आणि तो आम्ही मानायचा, हे कसं चालेल? तुम्ही पेपर कुठला देत होता?"

"डिजिटल पुराव्यांचा, मॅडम."

"मग तुम्हीच सांगा. असा पुरावा तुम्ही मानला असता?"

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "नसता मानला."

आम्ही टेबलाच्या पलीकडं बसून ऐकत होतो. मला वाटलं, संपलं. पण ती पुढं बोलू लागली तेव्हा तिचे हात टेबलावर आलेले होते.

"म्हणून माझ्याकडून अर्थ घेऊच नका. मी तिन्ही खुणांचे अर्थ एका फाईलमध्ये लिहून, फाईलला पासवर्ड घालून आज तुमच्याकडं पाठवते. पासवर्ड देणार नाही. तुम्ही इचलकरंजीतला कुठलाही कारखाना निवडा, आम्हाला न सांगता. तिथल्या चार कामगारांना वेगवेगळं बसवून हे चित्रण दाखवा. त्यांनी जे सांगितलं ते लिहून घ्या. सगळं झाल्यावर मी पासवर्ड देते. जुळलं तर जुळलं. नाही जुळलं तर माझं काही म्हणणं नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फाईल आज पाच वाजेपर्यंत पाठवा," त्या म्हणाल्या.

फाईल पाठवताना मी विचारलं, त्या तीन खुणा आहेत तरी काय?

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"अगं, मी कुठं समितीत आहे?"

"मग तर अजिबात नाही. एकाला सांगितलं की गुपित राहिलं का? पहिल्याच धड्यात आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "अप्पांनाही सांगितलं नाही. तिसरी तर त्यांनी बघितलीच नसणार. मी ती केली तेव्हा ते वळून चालले होते, असं वाटतं. नाहीतर त्यांनी उत्तर दिलं असतं आणि मी अजून बघत बसले असते."

कारखान्यात जायचं काम धैर्यशील सरांवर आलं. पत्ता मॅडमनी परस्पर त्यांना कळवला. त्या दिवसाची हकिगत सरांनी नंतर आम्हाला उभं राहून, अभिनयासकट सांगितली.

इचलकरंजीच्या दुसऱ्या टोकाचा एक कारखाना. क्रांतीच्या घरातलं कुणी तिथं कधी गेलेलं नाही. मालकानं परवानगी दिली, पण माग बंद करायचं नाव काढू नका म्हणाला. सर बाहेरच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसले आणि एकेकाला बोलावलं.

पहिला आला इलाही म्हणून एक जुना कामगार, दाढी पांढरी झालेला. त्यानं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बोला पावणं. सर्वे हाय का कसला?"

"सर्वे न्हाय. ही मुलगी काय बोलत्या तेवढं सांगा."

इलाहीनं चित्रण बघितलं. परत एकदा लावायला सांगितलं. मग हसायलाच लागला.

"कामात हाय पोरगी. पयलं म्हंती, आत्ता नको, जावा. मग म्हंती, मागनं जेवतो."

"आणि तिसरं?"

"तिसरं इच्यारती. गोळी घेतलासा काय?"

"गोळी कशावरनं? तंबाखू असंल की."

इलाही भडकला. "तंबाखूला तळहात लागतो, सायेब. ही बघा, दोन बोटं चिमटीत धरून व्हटाला लावली. आणि हनवटी वर उचलली म्हंजे प्रश्न. एकतीस-बत्तीस सालं मागावर काढली की आमी बी गोळ्याच खातो. रोज एकमेकाला हेच इच्यारतो. समोर बाप हाय का तिचा?"

"ते मला सांगता येत न्हाय."

"मग बापच हाय," इलाही म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामगारानं तेच सांगितलं, शब्द थोडे इकडंतिकडं. चौथा फराज. बिहारहून येऊन आठच महिने झालेले. त्याला मराठी धड येत नव्हतं आणि सरांचं हिंदी त्याला झेपत नव्हतं. त्यानं चित्रण बघितलं, एकदाच.

"खाना बाद में. अभी जाओ," तो म्हणाला. मग तिसरी खूण स्वतःच्या हातानं करून बघितली, हनवटी उचलून. "पूछ रही है, दवाई खाया क्या?"

"सांगतो तुम्हाला," सर आम्हाला म्हणाले, "त्या पोरानं हात असा केला न्हवं, तवा माझ्या अंगावर काटा आला. बिहारचा पोरगा, कबनूरची पोरगी, आणि मधी मी एकटाच अडाणी."

चारी कागद विद्यापीठाकडं गेले. त्यानंतर क्रांतीनं पासवर्ड दिला. फाईलमध्ये तीन ओळी होत्या. आत्ता नको. नंतर जेवते. अप्पा, रक्तदाबाची गोळी घेतली का?

मंगळवारी दुपारी पत्र आलं. परीक्षेच्या वेळी बाहेरच्या व्यक्तीशी संपर्क केल्याबद्दल लेखी समज देण्यात येत आहे. मदत घेतल्याचा आरोप सिद्ध होत नाही. निकाल जाहीर करण्यात यावा. खाली मॅडमची सही. निकालाचा दुवा क्रांतीनं उघडला. प्रथम श्रेणी. समज दिलेली ओळ तिनं पुन्हा वाचली. "ही बरोबर आहे," ती म्हणाली. "नियम मोडला होता मी." आणि मग तिनं टेबलावर डोकं टेकलं. आम्ही तिच्याकडं बघितलं नाही, पडद्याकडं बघत काहीतरी टाईप करत राहिलो.

साडेपाचच्या एसटीनं ती घरी गेली. पुढचं तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अप्पा पाळी संपवून हातपाय धुऊन बसले होते, हात खिशात. तिनं पत्र वाचून दाखवलं, त्यांच्या डाव्या कानाशी, जरा मोठ्यानं. त्यांनी मान हलवली. आक्कानं देवापुढं साखर ठेवली आणि उरलेली तिच्या तोंडात कोंबली.

"आता तरी हात भाईर काढा!" आक्का अप्पांवर ओरडली. "सुटली तुमची पोरगी."

अप्पांनी तिच्या मोबाईलकडं बघितलं. मग म्हणाले, "ते चित्र दाव."

त्यांनी ते आजवर बघितलंच नव्हतं, बघायला तयार नव्हते. क्रांतीनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. पहिली खूण आली, त्यांनी मान हलवली. ही आठवत होती. दुसरी आली. तीही आठवत होती. मग तिसरी आली आणि अप्पांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. चित्रण संपलं. त्यांनी बोटानं परत लावलं. परत एकदा. आक्का म्हणाली, "बॅटरी संपंल," तरी लावत राहिले.

"ही मी बघितलीच न्हाय," ते म्हणाले.

"तुम्ही वळला होता."

"मग उत्तर न्हाय दिलं मी."

"राहू दे की अप्पा. झालं ते."

अप्पांनी मोबाईल परत दिला आणि भिंतीला टेकून बसले. पलीकडं दुसऱ्या पाळीचे माग सुरू झाले होते. आक्कानं भाकरी थापायला घेतली.

बुधवारी सकाळी ती कामावर निघायच्या तयारीत होती. पिशवीत डबा भरत होती. खिडकीत सावली आली म्हणून तिनं वर बघितलं. मागच्या बोळात अप्पा उभे होते. मागावर जायच्या आधीच आले होते. खिशातून त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढलं, एक रिकामी झालेली जागा बोटानं दाखवली. मग दोन बोटांची चिमूट ओठाला लावली आणि तळहात तिच्याकडं उघडला. घेतली.

क्रांतीनं मान हलवली.

अप्पा जायला वळले, चार पावलं गेले, परत आले. काचेवर टकटक केली. पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेली आणि हनवटी वर उचलली. जेवलीस काय?

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली, आणि तिचा हात आपोआप वर गेला. "डबा परत उघडला. अर्धी भाकरी त्यांच्यासमोर उभं राहून खाल्ली. साडेसातची एसटी गेली म्हणून तर आज उशीर झालाय मला."